श्रद्धेला सूट कशासाठी?

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे पूर्वापार सांगतात. ग्वाल्हेरच्या मराठी समाजात ही म्हण आता एक प्रतिष्ठित मत होऊन बसली आहे. लष्कर भागातल्या एखाद्या व्याख्यानाचा समारोप असो, लग्नाच्या पंगतीतल्या गप्पा असोत की घरच्या व्हॉट्सअॅप गटावरचा सकाळचा संदेश असो, एक वाक्य हमखास येते : बुद्धी संपते तिथे श्रद्धा सुरू होते. बोलणारा बहुधा शिकलेला असतो. डॉक्टर असतो, इंजिनिअर असतो, निवृत्त प्राध्यापक असतो. ऐकणाऱ्यांच्या माना डोलतात. ज्याने काही विचारले होते तो उद्धट ठरतो आणि विषय तिथेच संपतो.

माझा आक्षेप विषय असा संपवण्यालाच आहे. श्रद्धा बाळगण्याचा हक्क घटनेने प्रत्येकाला दिला आहे आणि तो अबाधित राहिला पाहिजे. पण त्या हक्काच्या आडून दुसरेच काही मागितले जाते. श्रद्धेने रोगाबद्दल, आकाशाबद्दल, इतिहासाबद्दल, दुसऱ्या माणसाच्या लायकीबद्दल वाटेल ते विधान करावे आणि ते तपासण्याचा अधिकार कोणालाही नसावा, अशी ही मागणी आहे. एवढी सूट आपण दुसऱ्या कोणत्याही विधानाला देत नाही. दुकानदाराचे बिल आपण पुन्हा बेरीज करून बघतो. डॉक्टरचे निदान पटले नाही तर दुसऱ्याकडे जातो. मग श्रद्धेलाच ही सूट कशासाठी?

या मताच्या समर्थकांची बाजू आधी पूर्ण मांडतो. ते म्हणतात, माणसाची बुद्धी तोकडी आहे. जन्ममृत्यूचे कोडे तिला सुटत नाही, म्हणून तिच्या पलीकडचा प्रांत श्रद्धेचा. ते म्हणतात, आपल्याकडे जे जे मोठे झाले ते श्रद्धेने झाले. किल्ल्यावरची मंदिरे पाहा, इथले गाणे ऐका, बुद्धिवाद्यांनी असे काय उभारले? ते म्हणतात, श्रद्धेने कोणाचे काही बिघडत नाही, उलट खचलेल्याला आधार मिळतो. ते म्हणतात, विज्ञान हीसुद्धा एक श्रद्धाच आहे. आणि सगळ्यांत जास्त टाळ्या घेणारे शेवटचे वाक्य : ही चिकित्सा इंग्रजांबरोबर आली, आपली परंपरा श्रद्धेची. यातला एकही मुद्दा तपासायला घेतला तर उभा राहत नाही. एकेक घेऊ.

बुद्धीला मर्यादा आहेत, हे खरेच आहे. पण ते आपल्याला कळले कशाने? बुद्धीनेच. आपले कुठे चुकते, कशाचा पुरावा अपुरा आहे, कोणत्या प्रश्नाचे उत्तर आज हाती नाही, हे सांगणारे दुसरे साधन माणसाजवळ नाही. मर्यादा मान्य करणे ही बुद्धीची सवय आहे. श्रद्धा स्वतःची मर्यादा कधी सांगते? आणि एखादी गोष्ट मला कळत नाही एवढ्यावरून ती तुम्हाला कळली आहे, हे कसे सिद्ध होते? जिथे बुद्धी 'माहीत नाही' म्हणून थांबते, तिथे श्रद्धा 'मला माहीत आहे' म्हणून पुढे जाते. पुढे जाण्याला आधार कोणता, एवढेच आम्ही विचारतो आहोत.

हा प्रश्न ग्वाल्हेरइतका दुसरीकडे कुठे नीट दिसत नाही. या एका शहरात हजिऱ्याला महंमद गौस यांची कबर आहे, किल्ल्यावर दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे, कड्यांत कोरलेले जैन तीर्थंकर आहेत आणि विष्णूचे चतुर्भुज मंदिर आहे. एक परंपरा सांगते, जगाचा निर्माता एकच आणि त्याला रूप नाही. दुसरी सांगते, तो अवतार घेतो. तिसरी सांगते, जगाला निर्माताच नाही. या सगळ्या परंपरा बुद्धीच्या पलीकडे गेल्या आहेत असे मानले, तर पलीकडे गेल्यावर यांपैकी खरे कोणते हे ठरवायचे कशाने? तर्क वापरायचा नाही, पुरावा मागायचा नाही, मग उरते काय? उरतो तो जन्म. गोरखी भागात जन्मलेला एक मानतो आणि हजिऱ्याला जन्मलेला दुसरे मानतो. ज्या प्रांताचा निवाडा जन्मदाखल्यावर होतो, त्याला ज्ञानाचा प्रांत कसे म्हणायचे?

आता दुसरा मुद्दा : जे मोठे झाले ते श्रद्धेने झाले. यासाठी चतुर्भुज मंदिराचाच दाखला हटकून दिला जातो. किल्ल्याच्या पूर्वेकडच्या चढावर खडकात कोरलेल्या या लहानशा मंदिरात संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६चा एक शिलालेख आहे आणि त्यात आजच्यासारखे गोल शून्य कोरलेले आहे. 'बघा, शून्यसुद्धा देवळातच सापडले' असे लोक अभिमानाने सांगतात. पण त्या लेखात लिहिले काय आहे? देवाच्या फुलांसाठी गावाने बाग दिली, तिची लांबी २७० हात आणि रुंदी १८७ हात. रोज देवाला ५० माळा द्यायच्या. दिव्यासाठी तेल्यांनी घाण्यामागे किती तेल द्यायचे, तेही ठरवून दिले आहे. माळ वाहण्याचा भाव श्रद्धेचा होता, यात वाद नाही. पण त्या भाविकांनी बागेची हद्द श्रद्धेवर सोडली नाही. ती मोजली, आकडा दगडात कोरला, कोणी काय द्यायचे ते नोंदवले. कारण श्रद्धेच्या भरवशावर सोडलेल्या जमिनीचे पुढे काय होते, हे त्यांना ठाऊक होते. अकराशे वर्षांपूर्वीच्या भक्तांनी देवाच्या दारात मोजणी आणली, आणि त्यांचे वारस आज मोजणीला दारातच अडवतात.

त्याच शिलालेखाबद्दल आपण श्रद्धेने आणखी काय करून ठेवले तेही पाहा. 'जगातले पहिले शून्य ग्वाल्हेरचे' असे सरसकट सांगितले जाते. ते खरे नाही. कंबोडियातल्या शके ६०५च्या, म्हणजे इ.स. ६८३च्या शिलालेखात शून्यासाठी टिंब आहे, आणि ते ग्वाल्हेरच्या आधीचे आहे. शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८मध्ये लिहून ठेवले, तेही ग्वाल्हेरच्या अडीचशे वर्षे आधी. ग्वाल्हेरचे शून्य हे भारतातल्या निश्चित तारखेच्या सर्वांत जुन्या गोल शून्यांपैकी एक आहे. खरे एवढे आहे, आणि एवढे पुरेसे मोठे आहे. मग खोट्याची भर कशाला? कारण अभिमानाची श्रद्धा झाली की खरे पुरेसे वाटेनासे होते. शून्याचा गौरव करायचा तर आधी मोजायला शिकवणाऱ्या वृत्तीचा गौरव करावा लागेल.

गाण्याचेही असेच. तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला चघळला की गळा गोड होतो, ही समजूत सर्वांना माहीत आहे, आणि तिथल्या संगीत समारोहाला आलेले कितीतरी गायक हौसेने तो पाला तोंडात टाकतात. त्याला माझी हरकत नाही. पण ग्वाल्हेर घराणे पाल्यावर उभे राहिले का? हस्सू खाँ आणि हद्दू खाँ यांची गायकी वासुदेवबुवा जोशींनी उचलली, वासुदेवबुवांकडून ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी घेतली आणि मिरजेकडे नेली. तिथून विष्णु दिगंबर पलुस्करांनी ती देशभर पोहोचवली. मुसलमान उस्तादाकडून मराठी ब्राह्मण शिष्य शिकला, तेव्हा कर्मठ श्रद्धा काय म्हणत होती? विटाळ म्हणत होती. गुरू कोणाला करायचे हे त्या शिष्याच्या कानाने ठरवले. सूर लागला की नाही, तान स्वच्छ आली की नाही, एवढीच कसोटी होती. ती कसोटी डावलून श्रद्धेच्या सोवळ्यात राहिला असता तर महाराष्ट्रात ख्याल त्या वाटेने कधी आलाच नसता.

पलुस्कर भाविक होते म्हणून त्यांचे नाव पुढे केले जाते. होतेच ते भाविक. पण १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले, ते कशाच्या बळावर चालले? वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा, स्वरलेखन. यातली कुठली गोष्ट श्रद्धेने सुचवली? आणि १९१८ साली माधवराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला संगीत महाविद्यालय काढले तेव्हा ज्यांच्या हाती त्याची आखणी दिली, ते भातखंडे तर पेशाने वकील. ग्रंथात लिहिले आहे एवढ्याने त्यांचे समाधान होत नसे. गावोगावी जाऊन त्यांनी गवयांना ऐकले, चिजा उतरवून घेतल्या, ग्रंथातले वर्णन आणि गळ्यातला राग यांचा मेळ बसत नाही तिथे तसे स्पष्ट लिहिले आणि मगच दहा थाटांची मांडणी केली. तिच्यावर पुढे टीका झाली, आजही होते. टीका होऊ शकते हाच त्या कामाचा मोठेपणा आहे. राग देवांनी दिले असे म्हणून भातखंडे थांबले असते तर आपली मुले कुठल्या वहीवरून शिकली असती?

तिसरा मुद्दा मला सर्वांत संतापजनक वाटतो : श्रद्धेने कोणाचे बिघडत नाही. या शहराचे नाव ज्या दंतकथेवरून पडले असे सांगतात, तीच घेऊ. सूरजसेन नावाच्या राजाला कुष्ठरोग होता. ग्वालिप नावाच्या साधूने त्याला किल्ल्यावरच्या कुंडाचे पाणी पाजले आणि तो बरा झाला. ते कुंड आजही सूरजकुंड म्हणून दाखवतात. कथा सुंदर आहे. पण राजा बरा झाला, आणि बाकीचे? या देशात ज्या लाखो माणसांची बोटे झडली, ज्यांना घराबाहेर काढले, ज्यांच्या बायकामुलांशी सोयरिक तुटली, त्यांना श्रद्धेने काय सांगितले? मागच्या जन्मीचे पाप. धर्मग्रंथांनीच कुष्ठाला महापातकाचे फळ ठरवले. रोग शरीराला होता. कलंक श्रद्धेने दिला.

१८७३ साली नॉर्वेत हान्सेन यांनी त्या रोगाचा जंतू शोधला. जंतूला मागचा जन्म माहीत नसतो. १९८०च्या दशकात बहुऔषधी उपचार आले आणि हा रोग गोळ्यांनी पूर्ण बरा होऊ लागला. २००५च्या अखेरीस भारतात त्याचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आले. राजालाच नव्हे, भिकाऱ्यालाही बरे करणारे हे पाणी कुठल्या कुंडातून निघाले? कोणी म्हणेल, कुष्ठरुग्णांची सेवा करणारे अनेक जण श्रद्धावान होते. होते. त्यांच्या जखमा धुणाऱ्या हातांपुढे मी नम्र आहे. पण त्या हातांनाही रोग बरा करता आला तो औषध आल्यावर. आणि कलंक किती खोल होता, तर कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यांतून काढायला २०१९ साल उजाडावे लागले. श्रद्धेने कोणाचे बिघडत नाही, हे वाक्य अशा एखाद्या रुग्णाच्या डोळ्यांत बघून म्हणता येईल का?

बिघडण्याच्या आणखी खुणा हव्या असतील तर किल्ल्याच्या उरवाई दरवाज्याकडून वर चढा. पंधराव्या शतकात तोमर राजांच्या काळात कोरलेल्या प्रचंड जिनमूर्ती तिथे आहेत. त्यांतली सर्वांत उंच सुमारे ५७ फुटांची. १५२८ साली बाबर ग्वाल्हेरला आला, त्याने त्या पाहिल्या आणि त्या फोडण्याचा हुकूम दिल्याचे आपल्या आठवणींत स्वतःच लिहून ठेवले. तो हुकूम त्याला पुण्याचा वाटत होता. याच्यावर आपल्याकडचे लोक लगेच मान डोलावतात, कारण ती दुसऱ्याची श्रद्धा. मग आपल्या श्रद्धेकडे वळू. नोव्हेंबर २०१७मध्ये याच शहरात, दौलतगंजातल्या हिंदू महासभेच्या कार्यालयात नथुराम गोडसेचा अर्धपुतळा बसवून त्या जागेला मंदिर म्हटले गेले, आरती झाली. गांधीजींवर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या ते पिस्तूल ग्वाल्हेरलाच मिळवले होते. प्रशासनाने तो पुतळा हटवला. पण प्रश्न उरतो : श्रद्धेला कारण विचारायचे नसेल, तर खुन्याची पूजा करणाऱ्याला तुम्ही कोणत्या तोंडाने अडवणार? त्याचीही श्रद्धाच आहे. ती चूक आहे असे म्हणायचे तर कारणे द्यावी लागतील. कारणे दिली की तुम्ही बुद्धीच्या अंगणात आलात.

आणि पुण्यात २० ऑगस्ट २०१३च्या सकाळी काय झाले? नरेंद्र दाभोलकर फिरायला निघाले होते. त्यांनी कोणाचे देऊळ पाडले नव्हते, कोणाची पूजा बंद पाडली नव्हती. ते प्रश्न विचारत होते आणि ज्या कायद्यासाठी झटत होते तो नरबळीसारख्या अघोरी कृत्यांना आणि भोंदूगिरीला बंदी करणारा होता. त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मे २०२४मध्ये न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली. बुद्धिवाद्याने श्रद्धावानाला प्रश्न विचारला म्हणून भावना दुखावतात, हे मी रोज ऐकतो. गोळीने जे दुखावले त्याचा हिशेब त्या तराजूत कोण घालणार?

चौथा मुद्दा : विज्ञान हीसुद्धा श्रद्धाच. १९९५ सालातल्या दोन तारखा पाहा. २१ सप्टेंबरला गणपती दूध पितो अशी बातमी देशभर पसरली. देवळांपुढे रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवले की चमच्याच्या कडेचे दूध पृष्ठताणामुळे ओढले जाते आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळते. त्यानंतर महिन्याभराने, २४ ऑक्टोबरच्या सकाळी, राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यात खग्रास सूर्यग्रहण दिसले. आपल्या उत्तरेला फतेहपूर सिक्रीला लोक ते पाहायला जमले होते. सावली कुठून जाणार आणि किती वेळ राहणार हे आधीच छापून आले होते, आणि ती तिथूनच, तेवढाच वेळ गेली. दोन्ही दाव्यांवर माणसांनी विश्वास ठेवला, एवढेच त्यांत समान आहे. पहिल्या दाव्याने तपासणाऱ्याला नास्तिक म्हटले. दुसऱ्या दाव्याने तपासणाऱ्याला काळी काच देऊन बोलावले. सावली चुकली असती तर गणित बदलावे लागले असते. गणपतीने दूध प्यायचे थांबवल्यावर कोणत्या पोथीत दुरुस्ती झाली?

विज्ञानाचीही काही गृहीतके असतात, हे मान्य. पण गृहीतक हे कामापुरते धरलेले असते आणि प्रत्येक प्रयोगात पणाला लागलेले असते. खोटे ठरले तर ते मांडणाऱ्याचेच विद्यार्थी ते फेकून देतात. जी गोष्ट चुकू शकते असे सांगूनच सुरू होते आणि जी गोष्ट चुकणे शक्यच नाही असे सांगून सुरू होते, या दोहोंना एकच नाव देणे म्हणजे विचार करण्याचे कष्ट टाळणे होय.

पाचवा मुद्दा, चिकित्सा परदेशी असल्याचा. हे तर आपल्याच पूर्वजांबद्दलचे अज्ञान आहे. आर्यभटाने ग्रहण सावलीने होते असे सांगितले, तेव्हा इंग्रज कुठे होते? ब्रह्मगुप्ताला सावलीचे गणित पक्के येत होते, तरी राहूला नाकारणाऱ्यांवर त्याने श्रुतिस्मृतीच्या नावाने टीका केली, आणि एवढा विद्वान असे का करतो याचे अल्-बिरुनीला नवल वाटले. म्हणजे हा झगडा आपल्या घरातलाच, दीड हजार वर्षांचा. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ १५२० साली ग्रहलाघव लिहीत होते. जुन्या सिद्धांतांतले जे आकाशाशी जुळते ते घ्यायचे, हा त्यांचा बाणा होता. पुढे त्यांचाच ग्रंथ आकाशाशी जुळेनासा झाला, तेव्हा केरो लक्ष्मण छत्र्यांनी नवे पंचांग काढले. १९०४ साली मुंबईत टिळकांच्या पुढाकाराने पंचांगशोधनासाठी परिषद भरली. उज्जैन ग्वाल्हेर संस्थानात होते. तिथली सवाई जयसिंहाची मोडकळीला आलेली वेधशाळा माधवराव शिंद्यांनी १९२३ साली दुरुस्त करवली आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्या देखरेखीखाली तिथे पुन्हा वेध सुरू झाले. ही सगळी माणसे धार्मिक होती. एकादशी कधी धरायची हा त्यांचा प्रश्न होता. पण चंद्र कुठे आहे हे ठरवायला त्यांनी चंद्राकडे पाहिले. पोथी आणि आकाश यांचे भांडण झाले तेव्हा त्यांनी आकाशाच्या बाजूने कौल दिला. परंपरा म्हणून जर कुणाचे पाय धरायचे असतील, तर यांचे धरावेत.

तत्त्वज्ञानातही तेच. वेद प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांनी जगाचा कर्ता ईश्वर आहे हे मत युक्तिवादाने खोडून काढले. उदयनाचार्यांना ते पटले नाही. त्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वर सिद्ध करायला एकामागून एक युक्तिवाद रचले. ते पटोत न पटोत, उदयनाचार्यांनी सूट मागितली नाही. 'माझी श्रद्धा आहे, पुढे बोलू नका' असे ते म्हणाले नाहीत. तुकोबांनी नवसाने मुले होतात या समजुतीला सरळ हात घातला. गाडगेबाबांनी कीर्तनात उभे राहून नवसाचे बकरे आणि कर्ज काढून केलेली तीर्थयात्रा झोडपली. आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढले तेव्हा त्यांना मराठीतच विचार करता येत होता. महासभेचे लोक ज्यांचे नाव सतत घेतात त्या सावरकरांनीही पोथीला विज्ञानाच्या कसोटीवर घासायला सांगणारे निबंध मराठीतच लिहिले. यांतल्या कोणाला आपण परके ठरवणार?

इथवर आले की समर्थक एक पाऊल मागे घेतात आणि म्हणतात, अंधश्रद्धा वाईटच, आम्ही डोळस श्रद्धेबद्दल बोलतो आहोत. चांगले आहे. पण श्रद्धा डोळस आहे की आंधळी, हे ठरवणार कोण? श्रद्धेला स्वतःला ते सांगता येत नाही. बाबराला आपली श्रद्धा आंधळी वाटत नव्हती आणि दौलतगंजात आरती करणाऱ्यालाही वाटली नाही. पुरावा, परिणाम, माणसाला होणारी इजा यांकडे पाहूनच तो भेद करावा लागतो. म्हणजे श्रद्धेतले निवडक चांगले बाजूला काढायचे काम पुन्हा बुद्धीकडेच आले. सती बंद झाली, अस्पृश्यता गुन्हा ठरली, देवीची लस घरोघरी गेली, ती अशा निवडीमुळे. आज ज्या श्रद्धेचे कौतुक चालले आहे तिला बुद्धीने कितीदा धुतले आहे, हे आपण विसरलो आहोत. धुणाऱ्यालाच आता घराबाहेर थांबायला सांगितले जाते.

मी एकच गोष्ट मान्य करतो. मूल गेलेल्या आईला देवापुढे बसून शांत वाटते. ती शांतता खरी आहे आणि तिच्याशी वाद घालायला जाणारा माणूस निर्दय आहे. पण त्या शांततेवरून कोणतेही विधान सिद्ध होत नाही. आणि नीट पाहा, त्या आईचा गैरफायदा घ्यायला कोण येते? ग्रहशांती सांगणारा येतो, तुझ्याच कुळाच्या दोषाने मूल गेले म्हणणारा येतो, दुसऱ्या मुलाला दवाखान्यात नेऊ नको म्हणणारा येतो. तिचे रक्षण त्या वेळी कोण करते? शेजारी उभा राहून 'कशावरून?' असे विचारणारा माणूस करतो.

म्हणून सांगायचे ते स्पष्ट सांगतो. माळ वाहा, कबरीवर चादर चढवा, लंगरात सेवा करा, हरिकथेला बसा. कोणी अडवू नये आणि कोणी अडवणारही नाही. पण श्रद्धा ज्या क्षणी म्हणते की हा रोग पापाने झाला, ही जात हलकी, हा ग्रह तुझ्या मुलीच्या लग्नाआड येतो, हा खुनी वंदनीय, त्या क्षणी तिने जगाबद्दल विधान केलेले असते, आणि त्या विधानाला इतर विधानांचेच नियम लागू होतात. वैज्ञानिक दृष्टी, मानवता आणि चौकसपणा जोपासणे हे राज्यघटनेने १९७६पासून प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. ते कर्तव्य देवळाच्या उंबऱ्याशी संपते असे तिथे लिहिलेले नाही. श्रद्धा खरे सांगत असेल तर तपासणीने तिचे काही जात नाही. खोटे सांगत असेल तर तिला दिलेली सूट ही खोट्याला दिलेली सूट आहे, आणि तिची किंमत नेहमी दुबळ्याने मोजली आहे. आपल्या घरातल्या मुलाने 'कशावरून?' असे विचारले तर त्याला उत्तर मिळाले पाहिजे. उत्तर नसेल तर 'माहीत नाही' हे प्रामाणिक उत्तर मिळाले पाहिजे. 'गप्प बस, हा श्रद्धेचा विषय आहे' हे त्याला कधीही, कोणाकडूनही ऐकावे लागता कामा नये.